सात रस्त्याजवळची भाड्याची खुर्ची

सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरात, एका औषधांच्या दुकानाच्या वर, घरून काम करणाऱ्या नोकरदारांना महिन्याच्या भाड्याने टेबल-खुर्ची देणारी एक जागा आहे. पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका चालते आणि तोच या मालकांचा मूळ व्यवसाय आहे. करोनाच्या काळात पुण्याहून परतलेली काही मुले अभ्यासिकेतच लॅपटॉप घेऊन बसू लागली, त्यांच्या फोनवरच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा मालकांनी दुसरा मजला वेगळा काढून तिथे सव्वीस खुर्च्या मांडल्या. ठरलेल्या खुर्चीचे भाडे महिन्याला ३,२०० रुपये आहे. रिकामी असेल त्या खुर्चीवर बसायची तयारी असेल तर २,२०० रुपये, आणि एका दिवसापुरते बसायचे असेल तर २०० रुपये पडतात. वेळ सकाळी सात ते रात्री दहा अशी असून रविवारी जागा बंद असते. मी तिथे गेले चौदा महिने रोज आठ-नऊ तास बसते, आणि ज्यांच्यावर अशी जागा शोधण्याची वेळ येणार आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

माझे काम आरोग्य विम्याचे दावे तपासण्याचे आहे. रुग्णालयांकडून आलेली बिले, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि विमा पॉलिसीच्या अटी पडद्यावर शेजारी शेजारी उघडून ताडून पाहायच्या आणि दावा मंजूर करावा, काही कागद मागवावेत की नाकारावा याची शिफारस लिहायची, असे त्याचे स्वरूप आहे. २०२० च्या मार्चपर्यंत हे काम मी पुण्यात कार्यालयात बसून करत होते. लग्नानंतरही पुण्यात खोली घेऊन राहायचे आणि शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला यायचे, असा तेव्हाचा क्रम होता. त्या वर्षी २० मार्चच्या शुक्रवारी मी अशीच आले, रविवारी जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून टाळेबंदी लागली आणि माझे पुण्याचे कार्यालय जे सुटले ते कायमचेच. पुढे कंपनीने त्या इमारतीतला मजलाही सोडून दिला. आता माझ्या नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण म्हणून माझ्या घराचा पत्ता लिहिलेला आहे.

घर सोडून पैसे भरून दुसरीकडे का बसावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. आमचे घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे आहे आणि माणसे पाच आहेत. मी चार वर्षे दिवाणावर पाट ठेवून, त्यावर लॅपटॉप ठेवून काम केले आणि दर महिन्याला पाठीसाठी गोळ्या घेतल्या. त्याहून अवघड गोष्ट पाण्याची होती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधले काही दिवस कोरडे जातात आणि मग पाण्याचा दिवस येतो. त्या दिवशी मोटर लावणे, टाकी भरणे, पिण्याचे पाणी गाळून ठेवणे, पिंपे आणि घागरी भरून घेणे ही कामे जो घरात असेल त्याने करायची असतात. मी घरात असे, त्यामुळे ती माझीच समजली जात. घरच्यांना माझ्या कामाची किंमत नव्हती असे अजिबात नाही. लॅपटॉपसमोर बसलेली बाई पाण्याच्या हाकेला उठते, आणि टेबलाशी बसलेला पुरुष त्याच हाकेला उठत नाही, एवढाच तो फरक होता. एकदा पाणी भरत असताना उघड्या राहिलेल्या फाइलची वेळ संपली आणि महिन्याच्या गुणांकनात ती चूक माझ्या नावावर लागली. त्यानंतरच्या सोमवारी मी ही जागा पाहायला गेले.

आता जागेविषयी. खुर्च्या चांगल्या आहेत, आणि हे मी चौदा महिन्यांनंतर म्हणते आहे. पाठीला जाळीचा आधार आहे, उंची वरखाली होते, हात टेकायला जागा आहे. टेबले मात्र अभ्यासिकेसाठी सुताराकडून करून घेतलेली जुनी लाकडी आहेत आणि ती लॅपटॉपवर टंकलेखन करण्यासाठी दोन-अडीच बोटे उंच आहेत. खुर्ची वर घेतली की मनगट सरळ राहते, पण पाय अधांतरी होतात. मी तक्रार केल्यावर मालकांनी पायाखाली ठेवायला लाकडी पाटा करून दिला आणि नंतर ज्यांनी मागितला त्या प्रत्येकाला दिला. प्रत्येक टेबलाला विजेची दोन सॉकेट आहेत. त्यांतले एक इन्व्हर्टरवर चालते आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका लावलेला आहे. ही साधी खूण फार कामाची आहे, कारण वीज गेल्यावर चार्जर कुठे लावायचा याची शोधाशोध करावी लागत नाही.

माझ्या कामात दुसऱ्याच्या आजाराचे कागद पडद्यावर उघडे असतात. कोणाचा गर्भपात, कोणाची मानसोपचाराची औषधे, कोणाच्या कर्करोगाचा अहवाल. हे शेजारच्या माणसाला सहज मान वळवली तरी दिसता कामा नये, असा कंपनीचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे नुसत्या मोकळ्या हॉलमधली जागा मला चालणार नव्हती. इथे दोन खुर्च्यांच्या मध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीची फळी आहे. शिवाय भिंतीकडे पाठ करून बसता येतील अशा सहा खुर्च्या आहेत, ज्यांच्या मागून कोणी जाऊच शकत नाही. बँक, विमा किंवा वैद्यकीय नोंदींचे काम करणाऱ्याने त्या सहापैकीच एक घ्यावी आणि मिळत नसेल तर सरळ थांबावे. मी दोन महिने थांबले होते. फोनवर बोलण्यासाठी काचेच्या दोन खोल्या आहेत. त्यांतली जिन्याकडची वापरण्याजोगी आहे. दुसरीत हवा खेळत नाही, मे महिन्यात तिथे दहा मिनिटेही बसवत नाही, आणि बंद दारातूनही आवाज बाहेर येतो. ती केवळ नावाला आहे.

विजेचा भाग महत्त्वाचा आहे, कारण सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांपर्यंत सहज चढतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत वीज जाण्याचे प्रमाण वाढते. इथले इन्व्हर्टर दिवे, पंखे, इंटरनेटची यंत्रणा आणि लाल ठिपक्यांची सॉकेट मिळून साधारण चार तास ओढते. वातानुकूलन त्यावर चालत नाही, त्यामुळे वीज गेली की अर्ध्या तासात हॉल तापतो. तरीही काम थांबत नाही, आणि नोकरदाराला मुख्य अडचण काम थांबण्याची असते. घरी मला इन्व्हर्टर परवडणारे नव्हते. महावितरणच्या घरगुती दरांची रचना अशी आहे की १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढत जातो. दिवसभर एका खोलीत कूलर, पंखा आणि लॅपटॉप चालू ठेवल्यावर आमचे उन्हाळ्यातले बिल दर वर्षी वरच्या टप्प्यात जात असे. मी बाहेर बसू लागल्यापासून ते पुन्हा खाली आले आहे. भाड्याचा हिशेब मांडताना ही वजाबाकी धरायला हवी.

इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या आहेत आणि एक बंद पडली की दुसरी आपोआप सुरू होते, असे जागा दाखवताना सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जोडणी बदलताना काही क्षण खंड पडतो आणि त्या क्षणात कंपनीच्या सुरक्षित जाळ्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, आपण बाहेर फेकले जातो. मग पुन्हा लॉगिन करावे लागते आणि उघडी फाइल जतन केलेली नसेल तर पहिल्यापासून वाचावी लागते. गेल्या जूनमध्ये रस्त्याचे खोदकाम चालू असताना दोन्ही जोडण्या एकदमच तुटल्या, कारण दोन्ही तारा त्याच चारीतून आणलेल्या होत्या. तो दिवस माझा अर्ध्या रजेत गेला. मालकांनी त्या दिवसाचे भाडे परत देऊ केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. परंतु अर्ध्या दिवसाची रजा त्या रकमेच्या कितीतरी पट मोलाची असते, म्हणून दुसरी जोडणी वेगळ्या मार्गाने आणणे हाच यावरचा उपाय आहे. तो त्यांनी अजून केलेला नाही.

स्वच्छतागृह स्त्रियांसाठी वेगळे आहे, त्याला आतून नीट कडी आहे, पाणी कायम असते आणि दिवसातून दोनदा साफसफाई होते. ज्यांना हे वाक्य अनावश्यक वाटेल त्यांनी एकदा बाजारपेठेतल्या जुन्या इमारतींत जागा शोधून पाहावी. चहा भाड्यात धरलेला नाही. खालच्या टपरीवरून येतो आणि चांगला असतो.

रात्री दहाला जागा बंद होते, हा काहींच्या दृष्टीने मोठा दोष आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या बिलांचे काम करणारी तीन-चार मुले इथे संध्याकाळी येत, त्यांची पाळी पहाटेपर्यंत चाले आणि त्यांना दहाला उठून उरलेले काम घरी करावे लागे. त्यांतल्या दोघांनी शेवटी जागा सोडली. त्यांची अडचण मी समजू शकते. माझ्यासाठी मात्र हीच या जागेची सर्वांत मोलाची सोय ठरली आहे. घरी असताना माझ्या कामाला शेवट नव्हता. जेवणानंतर "एवढी एकच फाइल पाहता का" असा निरोप येई आणि लॅपटॉप दिवाणावरच असल्यामुळे मी ती पाहत असे. कामाच्या वेळेनंतर मालकाचा फोन वा ईमेल न स्वीकारण्याचा हक्क मिळावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आमच्याकडे तो हक्क मला एका भाड्याच्या हॉलने दिला, कारण मी आता लॅपटॉप तिथल्या कुलपाच्या कप्प्यात ठेवून घरी जाते आणि रात्री निरोप आला तर "मशीन ऑफिसात आहे" असे खरेखुरे उत्तर देते.

"ऑफिस" हा शब्द आमच्याकडे आपोआप रुळला. ही जागा कोणाच्याही कंपनीची नाही, इथे बसणाऱ्या सव्वीस जणांचे मालक बहुधा सव्वीस असतील, तरीही घरून निघताना प्रत्येक जण ऑफिसला जातो असेच म्हणतो. माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने रजा २६ आठवड्यांची झाली आणि रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूदही झाली. तिने त्या तरतुदीचा आधार घेतला आणि नोकरी टिकवली. त्याच कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले आहे. तिच्या कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात ते आहेही. तिचे बाळ मात्र इथे सोलापुरात आहे. ते ती आईकडे ठेवून येते आणि दुपारी दोन वाजता स्कूटरवरून जाऊन परत येते. कायद्याने दिलेली एक सवलत घेतली की दुसरी निरुपयोगी होते, हे मी तिच्याकडे पाहून शिकले.

या उदाहरणातच घरून काम करण्याने नोकरीत झालेला मोठा बदल सामावलेला आहे, असे मला वाटते. कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या अनेक सोयी आपल्या कायद्यांनी जागेला जोडलेल्या आहेत. पिण्याचे पाणी, उजेड, हवा, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी, ठरावीक संख्येनंतर पाळणाघर आणि उपाहारगृह या सर्व गोष्टी मालकाने आपल्या आस्थापनेत पुरवायच्या असतात. आस्थापनाच माझ्या दिवाणावर आली, तेव्हा ती सगळी जबाबदारी कोणीही काही न म्हणता माझ्याकडे आली. मी आता दरमहा ३,२०० रुपये देऊन पाणी, उजेड, हवा आणि कडी लागणारे स्वच्छतागृह विकत घेते. कार्यालयात याच गोष्टींसाठी मला कोणी एक पैसा मागितला नव्हता.

माझा महिन्याचा हिशेब असा आहे. खुर्चीचे ३,२००, जाण्यायेण्याच्या पेट्रोलचे सुमारे ६००, आणि घरचे इंटरनेट महिन्यातल्या काही तातडीच्या कामांसाठी ठेवावेच लागते त्याचे ७००. म्हणजे साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार रुपये. याच काळात पगारातला १,६०० रुपयांचा प्रवासभत्ता "आता प्रवास नाही" म्हणून बंद झाला, आणि गेल्या वेळच्या पगारवाढीच्या चर्चेत सोलापुरात राहण्याचा खर्च पुण्यापेक्षा कमी आहे याची मला आठवण करून देण्यात आली. पगारदार माणसाला प्राप्तिकरातही याची वेगळी वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ७५ हजारांची प्रमाणित वजावट सर्व पगारदारांना सरसकट आहे. खुर्चीचे भाडे दिले काय आणि न दिले काय, ती तेवढीच राहते. माझ्या पलीकडे बसणारा भाषांतरकार स्वतंत्र व्यावसायिक आहे, तो हेच भाडे व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवू शकतो. खुर्ची तीच, पावती तीच, पण नोकरदाराला ती हिशेबात धरता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पुण्यातल्या खोलीचे भाडे, खानावळ आणि दर आठवड्याचा रेल्वेप्रवास वाचल्यामुळे एकूण हिशेबात माझा फायदाच झाला आहे, आणि नवऱ्याजवळ व मुलाजवळ राहता येते हे पैशांत मोजण्यासारखे नाही. मला पुन्हा पुण्याला बोलावले तर मी कदाचित नोकरी सोडेन. म्हणूनच हा प्रश्न मला जास्त बोचतो. माणूस सुखात आहे म्हणून त्याच्या कामाचा खर्च त्याच्याकडूनच घ्यावा, हा न्याय मला पटत नाही.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग चीनमधील सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये झाला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या त्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याने घटले, एवढे सर्वत्र सांगितले जाते. त्यातल्या इतर तीन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक, वाढीचा मोठा भाग विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, म्हणजे माणसे जास्त वेळ कामावर राहिल्यामुळे आला होता. दोन, कंपनीची प्रत्येक घरबसल्या कर्मचाऱ्यामागे वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरची बचत झाली आणि तिच्यात कार्यालयाच्या जागेवरील खर्चाचा वाटा मोठा होता. तीन, प्रयोगात भाग घेण्यासाठी घरात स्वतंत्र खोली असणे ही अटच होती. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरातल्या माणसाचा त्या १३ टक्क्यांशी संबंधच नाही. तो त्या अटीतच बाहेर पडतो. तिथेही सारख्याच कामगिरीच्या मानाने घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या होत्या, आणि पुढे निवड करण्याची मोकळीक दिल्यावर त्यांतले सुमारे निम्मे लोक कार्यालयात परत गेले होते.

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाई ही जागा पाहायला आल्या होत्या. मी डबा घरी विसरले होते, तो देण्याच्या निमित्ताने जिने चढून आल्या. त्यांनी तीस वर्षे घरी बसून विड्या वळल्या आहेत. कारखान्याच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, ओली केलेली पाने पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी हजाराच्या हिशेबाने माल नेऊन द्यायचा. तिथे तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून खराब म्हणून बाजूला टाकी. त्याला छाट म्हणत आणि त्याचे पैसे मिळत नसत. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या, पाठ टेकून पाहिली, लाल ठिपक्याच्या सॉकेटला हात लावून पाहिला आणि मग विचारले, "याचं भाडं कंपनी देते का गं?" मी नाही म्हणाले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला पानं कमी पडली की पदरची विकत आणून घालायला लागायची. तुलाही पदरचीच घालायला लागतात म्हणायची."

इतक्या वर्षांत माझ्या नोकरीचे इतके नेमके वर्णन मला कोणी सांगितले नव्हते. सोलापूर हे विडी कामगार स्त्रियांचे शहर आहे. घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणे इथे लॅपटॉपबरोबर आलेले नाही. त्या स्त्रियांना आपण कामगार आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांना आपल्या कक्षेत घेतले. घरी विड्या वळणाऱ्या कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, आणि माल नाकारण्याचा मालकाचा अधिकार हाच त्याच्या नियंत्रणाचा पुरावा धरला. म्हणजे ज्या छाटीने सासूबाईंचे पैसे कापले जात, तीच छाट त्यांच्यासारख्यांच्या कामगार असण्याची खूण ठरली. माझ्या फाइलींचीही दर आठवड्याला गुणवत्ता तपासणी होते आणि चुकीच्या ठरलेल्या फाइली माझ्या खात्यातून वजा होतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरून होणाऱ्या कामाविषयी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यात मालकाच्या जागेऐवजी स्वतःच्या घरात किंवा स्वतः निवडलेल्या अन्य जागेत केलेले काम, अशी व्याख्या आहे. सात रस्त्याजवळचा आमचा हॉल त्या व्याख्येत बसतो. सोबतच्या १८४ क्रमांकाच्या शिफारशीत वीज, पाणी, संपर्कसाधने आणि यंत्रांची देखभाल यांवर कामासाठी झालेल्या खर्चाची भरपाई कामगाराला मिळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस केलेल्या कायद्यात घरून काम केल्यामुळे वाढलेला खर्च मालकाने द्यावा, असे म्हटले आहे. आमच्याकडे काही कंपन्या स्वखुशीने देतात. या हॉलमधल्या सव्वीसपैकी मला माहीत असलेल्या चौघांना भाड्याची पूर्ण परतफेड मिळते, दोघांना अर्धी, आणि बाकीचे माझ्यासारखे स्वतः भरतात. परतफेड मिळणारे चौघेही मोठ्या पगाराचे आहेत. ज्यांना घरात वेगळी खोली करून घेणे परवडले असते त्यांचे भाडे कंपनी देते, आणि ज्यांना घरात बसायलाच जागा नाही ते पदरचे भरतात, हे मला खटकते.

या जागेने दिलेली आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नवीन लागलेली मुले घरून काम करताना काही शिकत नाहीत, कारण शेजारी कोणी नसते. शंका लिहून पाठवण्याइतकी मोठी नसते आणि गिळण्याइतकी लहानही नसते. पुण्यात मी रुग्णालयांची बिले वाचायला शिकले ते माझ्या मागच्या टेबलावरच्या बाईंकडून. शस्त्रक्रियेच्या बिलात एकच वस्तू दोन नावांनी कशी लावली जाते हे त्यांनी मला खुर्ची मागे सरकवून दाखवले होते. इथे दुपारच्या डब्याच्या वेळी थोडेसे तसे घडते. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसे एकमेकांना गोपनीय काही सांगत नाहीत, सांगूही नये, पण तक्त्यातले सूत्र कसे लिहावे, वरिष्ठांना रजेचा अर्ज कोणत्या शब्दांत पाठवावा, कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय वाचावे, हे बोलले जाते. गेल्या वर्षी एका मुलाला कायम नोकरीऐवजी अकरा महिन्यांच्या कराराचा कागद आला होता. घरी एकटा असता तर त्याने सही केली असती. इथे तिघांनी मिळून तो वाचला आणि भविष्य निर्वाह निधीचे कलम गायब आहे हे त्याच्या लक्षात आणून दिले.

जागेच्या मालकांनी तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. इंटरनेटची दुसरी तार वेगळ्या रस्त्याने आणावी, बिनहवेच्या काचेच्या खोलीला निदान हवा बाहेर टाकणारा एक पंखा बसवावा, आणि नव्या टेबलांची उंची कमी ठेवावी. भाड्याची पावती ते छापील देतात. मी विनंती केल्यावर त्यांनी तिच्यावर माझ्या नावाखाली कंपनीचे नाव आणि "कामाच्या जागेचे भाडे" असे शब्दही लिहून द्यायला सुरुवात केली, आणि आता इतरांनाही तशी पावती मिळते. गेल्या महिन्यात मी माझ्या चौदा पावत्या एकत्र करून मनुष्यबळ विभागाला परतफेडीच्या अर्जासोबत पाठवल्या आहेत. अजून उत्तर आलेले नाही. मी दर सोमवारी आठवण करते.

विमा, हिशेब, चाचणी, भाषांतर अशी दिवसपाळीची कामे करणाऱ्यांना, विशेषतः घरात वेगळी खोली नसलेल्या स्त्रियांना, मी ही जागा निःशंकपणे सुचवेन. रात्रपाळीच्या माणसाने इथे पैसे घालवू नयेत. जागा पाहायला जायचे तर सकाळी जाऊ नये, दुपारी दोन-अडीचला जावे. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या चार खुर्च्यांवर मार्चपासून जूनपर्यंत किती ऊन येते ते तेव्हाच कळते. खिडकीचा पडदा ओढला तरी लॅपटॉपवरची अक्षरे तिथे नीट दिसत नाहीत, आणि नव्या माणसाला बहुधा त्या चारांपैकीच एखादी दाखवली जाते.